मेरेवरचा माड आणि सतरा सेकंद

गोव्यात पेडण्याला माझ्या मामांच्या भाटाच्या, म्हणजे माडांच्या बागेच्या, मेरेवर (बांधावर) एक माड आहे. बुंधा मामांच्या हद्दीत, शेंडा शेजाऱ्याच्या. नारळ उतरवणारा पाडेली आला की दर वेळी तोच वाद, नारळ कोणाचा? मामा बुंधा दाखवतात, शेजारी पडलेला नारळ दाखवतो, आणि दोघांच्याही हातात एक-चौदाचा उतारा, म्हणजे जमिनीच्या नोंदीचा कागद, असतो. खोटं कुणीच बोलत नाही. माड कुठं उगवला आणि नारळ कुठं पडला, हे दोन प्रश्न वेगळे आहेत एवढंच.

२४ नोव्हेंबर २०१५ला तुर्कस्ताननं सीरियाच्या सीमेवर रशियाचं सुखोई-२४ हे बॉम्बफेकी विमान पाडलं, तेव्हा मला हा माड आठवला. तुर्कस्तानचं म्हणणं असं, की पाच मिनिटांत दहा वेळा इशारा दिला, तरी विमान १७ सेकंद आमच्या हद्दीत शिरलं. रशिया म्हणाला, विमान सीरियातून बाहेर गेलंच नाही आणि इशारा कुणी दिला नाही. दोघांनी नकाशे काढले. प्रत्येकाच्या नकाशावर विमानाची रेघ आपल्याला हवी तिथून गेलेली. आपल्याकडे लोकांचा कल कुठं होता ते सांगायला नको. गोव्यातल्या दाबोळी विमानतळावरून उडणारी नौदलाची मिग-२९केसुद्धा रशियाचीच.

अशा वेळी मी नकाशे बाजूला ठेवतो. रेघ कुठूनही ओढता येते. आकड्यांचं तसं नसतं, ते एकमेकांना दोरीनं बांधलेले असतात. एक ओढला की दुसरा हलतो.

तुर्कस्ताननं संयुक्त राष्ट्रांना कळवलेले आकडे असे: उंची १९,००० फूट, हद्दीतलं अंतर १.१५ मैल, वेळ १७ सेकंद. आता शाळेतलं गणित. १.१५ मैल म्हणजे साधारण १.८५ किलोमीटर. ते १७ सेकंदांत कापायचं तर वेग येतो ताशी सुमारे ३९० किलोमीटर. मैल समुद्री धरले तरी ४५०च्या आसपास. सहा किलोमीटर उंचीवर, शत्रूच्या क्षेपणास्त्रांच्या टप्प्यात बॉम्बफेकी विमान इतकं रेंगाळत जाईल? अशक्य म्हणणार नाही, पण पटत नाही. बेल्जियममधल्या लुवेन विद्यापीठातल्या दोन शास्त्रज्ञांनी नकाशे आणि पडत्या विमानाचं चित्रण तपासून वेग ताशी ९८० किलोमीटरच्या आसपास काढला. या वेगानं तेवढं अंतर सात सेकंदांत संपतं. म्हणजे घुसखोरी झालीच नाही असं नव्हे. पण १७ आणि १.१५ हे दोन आकडे एकाच घरात नांदत नाहीत.

रशियाच्या नकाशालाही हीच फूटपट्टी लावा. त्यात विमान जवळपास काटकोनात वळून तुर्कस्तानचा सीमेवरचा चिंचोळा तुकडा टाळताना दिसतं. हे वळण क्षेपणास्त्राच्या धडकेनं आलं म्हणावं, तर हवेतून हवेत मारायचं क्षेपणास्त्र साधारण दीडशे किलोचं, विमान तीसेक टनांचं. विमानापेक्षा कितीतरी जास्त वेगानं येऊन धडकलं तरी दीडशे किलोचा धक्का तीस टनांना काटकोनात वळवू शकत नाही. बैलगाडीला नारळ फेकून मारल्यासारखं ते. पंख तुटला तर हवा विमानाला फिरवते हे खरं, पण ते गडगडणं झालं, वळण घेणं नव्हे. लुवेनच्या शास्त्रज्ञांनीही हे वळण अमान्यच केलं.

दोघांचं एका बाबतीत मात्र जमतं. पुतिन म्हणाले, विमान ६,००० मीटर उंचीवर होतं. तुर्कस्तानचे १९,००० फूट म्हणजे सुमारे ५,८०० मीटर. भांडणारे दोघे जिथं एकच आकडा सांगतात, तो मी आधी धरतो.

त्या उंचीवरून हवेचा अडथळा नसता तर वस्तू ३४ सेकंदांत जमिनीवर येईल, आणि ९८०च्या वेगानं तेवढ्या वेळात नऊ किलोमीटर पुढं गेलेली असेल. हवा हे अंतर कमी करते, पण शून्य करत नाही. म्हणून ‘अवशेष आमच्या हद्दीत सापडले’ हा पुरावा मी मामांच्या शेजाऱ्याच्या नारळाइतकाच मानतो. १० ऑगस्ट १९९९ला कच्छच्या सीमेवर आपल्या मिग-२१नं पाकिस्तानी नौदलाचं अटलांटिक विमान पाडलं, त्यात १६ जण गेले, तेव्हाही दोन्ही बाजू आपापल्या हद्दीतले तुकडे दाखवत होत्या. लढाऊ विमानांनी सीमेपासून १० किलोमीटर दूर राहायचं, हा १९९१चा करार होता तरीही. पाकिस्तान हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. २१ जून २०००ला न्यायालयानं १४ विरुद्ध २ मतांनी सांगितलं, हे प्रकरण आमच्या अधिकारात येत नाही. तुकड्यांचा विचार झालाच नाही.

मग प्रत्यक्षदर्शी? दाबोळीजवळ चिखलीत किंवा बोगमाळ्याला राहणाऱ्यांना अनुभव असेल: आवाजाच्या दिशेनं मान वळवावी तर तिथं आभाळ रिकामं, विमान पार पुढं गेलेलं. सहा किलोमीटरवरून आवाज खाली यायला साधारण १८ सेकंद लागतात. तेवढ्यात ते सुखोई पावणेपाच-पाच किलोमीटर पुढं सरकतं. वाद १.८५ किलोमीटरचा, आणि कानाची चूक त्याच्या अडीचपट! आवाज ऐकून वर बोट दाखवणारा गावकरी प्रामाणिक असेल, पण त्याच्या बोटावर सीमा ठरवता येत नाही.

राहिला इशारा. इथं दोघेही खरे असू शकतात. रेडिओवर बोललेलं त्याच वारंवारतेवर कान लावलेल्यालाच ऐकू येतं. तुर्कस्तानचे इशारे प्रसारित झाल्याचं अमेरिकी प्रवक्त्यानं सांगितलं. वाचलेल्या रशियन नेव्हिगेटरनं काही ऐकलं नसल्याचं सांगितलं. शिवाय पाच मिनिटांत विमान ८० किलोमीटर येतं, म्हणजे पहिला इशारा दिला तेव्हा ते हद्दीपासून बरंच लांब असणार. तो ‘बाहेर जा’ असा नव्हता, ‘येऊ नका’ असा होता. बातम्यांत या दोन्हींची सरमिसळ झाली.

विमानाची ब्लॅक बॉक्स सापडली. डिसेंबर २०१५मध्ये मॉस्कोत ती परदेशी तज्ज्ञ आणि पत्रकारांसमोर उघडली. आतल्या १६ चिपांपैकी १३ फुटलेल्या होत्या, उरलेल्या तिघींनाही इजा झालेली. त्यातून काहीच वाचता आलं नाही.