निर्वासित छावणीतील मुले: नाट्योपचार आणि सामूहिक नाटक यांत फरक काय?

निर्वासितांच्या छावणीत मुले गोल करून बसली आहेत, कागदाचे मुखवटे रंगवत आहेत आणि एकेक जण उठून कुणाची तरी नक्कल करतो आहे, असे छायाचित्र आपण अनेकदा पाहतो. त्याखाली कधी ‘कलेतून उपचार’ असे लिहिलेले असते, तर कधी ‘मुलांनी बसवलेले नाटक’. यातले खरे कोणते हे नुसत्या चित्रावरून ओळखता येत नाही, कारण खेळ तेच, रंग तेच आणि बहुधा तंबूही तोच असतो. तरीही नाट्योपचार आणि सामूहिक नाट्यनिर्मिती ही दोन वेगळी कामे आहेत, आणि त्यांची गल्लत झाली की त्याची किंमत मुलांना मोजावी लागते.

नाट्योपचारात केंद्रस्थानी एक विशिष्ट मूल आणि त्याचा त्रास असतो. झोपेत दचकून उठणारे, बोलणे थांबवलेले किंवा सतत अंगावर धावून जाणारे मूल मोजक्या मुलांच्या गटात ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या जागी येते, आणि त्या गटात अधूनमधून नवे कोणी घेतले जात नाही. त्याला ‘तुझ्या घराचे काय झाले ते सांग’ असे कोणी म्हणत नाही. ते लांडगा होते किंवा हरवलेले कोकरू होते, आणि स्वतःविषयी जे बोलवत नाही ते त्या सोंगाच्या आडून बोलते. सत्र संपताना मुखवटा काढून ठेवायचा, हातपाय झटकायचे, स्वतःचे नाव मोठ्याने उच्चारायचे आणि मगच बाहेर पडायचे. भूमिका अशी रीतसर उतरवणे हा उपचाराचाच भाग आहे, कारण लांडग्याला अंगावर घेऊन मुलाने रात्री तंबूत परत जायचे नसते. हे काम प्रशिक्षित उपचारकाचे आहे. ब्रिटनमध्ये तर नोंदणीशिवाय नाट्योपचारक ही उपाधी लावणे कायद्याला मान्य नाही. सत्रात जे घडते ते प्रेक्षकांना दाखवण्यासाठी नसते.

सामूहिक नाटकात मात्र प्रेक्षक हवाच, आणि जॉर्डनमधील झातारी छावणीचे उदाहरण हे फार स्पष्टपणे दाखवते. जुलै २०१२ मध्ये सीरियातून आलेल्यांसाठी उघडलेल्या या छावणीत बहुतेक कुटुंबे दरा प्रांतातून आलेली होती. सीरियन अभिनेता नवार बुलबुल याने तिथल्या सुमारे शंभर मुलांना घेऊन शेक्सपिअरचे ‘किंग लिअर’ अरबीत बसवले आणि २७ मार्च २०१४ रोजी, जागतिक रंगभूमी दिनी, छावणीतच त्याचा प्रयोग केला. राजाच्या थोरल्या दोन मुली बापावरच्या प्रेमाचे गोडवे गाऊ लागल्या की मुलांचा कोरस ‘खोटारडी, ढोंगी’ असे ओरडत असे, आणि धाकटी सरळ बोलली की तिच्या खरेपणाची ग्वाही देत असे. घर सोडावे लागलेल्या मुलांना राज्य गमावलेल्या राजाची गोष्ट करताना पाहून आपण लगेच त्यांच्या जखमांचा शोध घेऊ लागतो, पण त्या दिवशी त्यांना कोणी रुग्ण म्हणून बोलावलेले नव्हते. पाठांतर झाले का, आपल्या वेळी आवाज मागपर्यंत पोहोचला का, ही त्यांची काळजी कोणत्याही नटाची असते तीच होती, आणि समोर बसलेल्या आईबापांनी आपले मूल काहीतरी नीट करून दाखवताना पाहिले. मला ही गोष्ट उपचारापेक्षा कमी मोलाची वाटत नाही.

उपचार आणि कलानिर्मिती यांची अशीच सोबत चित्रकलेच्या एका वर्गातही दिसते. १९३० च्या दशकात जर्मनीतून पळून प्रागमध्ये आलेल्या राजकीय निर्वासितांच्या मुलांना चित्रकार फ्रिडल डिकर-ब्रांडाइस शिकवत असत आणि त्यांची विद्यार्थिनी इडिथ क्रेमर मदतीला असे; याच क्रेमर पुढे अमेरिकेत कलोपचाराचा पाया घालणाऱ्यांपैकी एक झाल्या. फ्रिडल यांना १९४२ मध्ये तेरेझिन येथे, नाझींनी ज्यूंना डांबण्यासाठी केलेल्या बंदिस्त वस्तीत पाठवण्यात आले. तिथेही त्या मुलांना शिकवत राहिल्या आणि प्रत्येक चित्रावर मुलाने स्वतःचे नाव लिहावे असा त्यांचा आग्रह असे. त्यांना १९४४ मध्ये आउश्वित्झच्या मृत्युछावणीत नेण्यात आले; मागे दोन सुटकेसमध्ये सुमारे ४,५०० चित्रे उरली. नाव घातलेले चित्र ही एका कलाकाराची सही असते, तर उपचारकाच्या फाइलमधले चित्र मुलाच्या संमतीशिवाय कुणाला दाखवायचे नसते.

आपत्तीच्या काळातील मानसिक आधाराविषयी २००७ मध्ये आलेल्या आंतर-संस्था स्थायी समितीच्या (संयुक्त राष्ट्रे आणि इतर मदतसंस्थांच्या समन्वय मंडळाच्या) मार्गदर्शक सूचनांत हा आधार चार थरांच्या पिरॅमिडसारखा मांडला आहे: तळाशी सुरक्षितता आणि मूलभूत गरजा, त्यावर कुटुंब आणि समाजाचा आधार, त्यावर नेमकी पण तज्ज्ञाविना देता येणारी मदत आणि अगदी वर तज्ज्ञांचा उपचार. सामूहिक नाटकाची जागा माझ्या मते दुसऱ्या थरात आहे, जिथे जवळजवळ सर्व मुलांना सामावून घेता येते. देणगी मिळणार नाही या भीतीने त्यालाच ‘उपचार’ म्हटले गेले की दिग्दर्शक मुलांकडून बॉम्बहल्ल्याच्या आठवणी काढून घेतो आणि त्या पाहुण्यांसमोर करून दाखवायला लावतो. मग तिथे गोपनीयता उरत नाही आणि धड नाटकही होत नाही.

छावणीतले नाटक नेहमी बाहेरून आणावे लागते असेही नाही. कोल्हापूरजवळ वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, आणि शाळा, चर्च, स्काउटची पथके, नाटके हे सारे त्यांनी स्वतःच उभे केले. वेस्ट बँकमधील जेनिनच्या पॅलेस्टिनी छावणीत २००६ मध्ये सुरू झालेले फ्रीडम थिएटर स्वतःच्या कामाला सांस्कृतिक प्रतिकार म्हणते. त्यातून एखाद्या मुलाचे मन हलके होत असेलही, पण प्रतिकार आणि उपचार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

ही दोन कामे प्रत्यक्षात एकमेकांना भिडतात ती तालमीत, एखादे मूल संवाद म्हणता म्हणता अचानक रडू लागते किंवा थिजून उभे राहते तेव्हा. अशा वेळी दिग्दर्शकाने तालीम थांबवावी, मुलाच्या शेजारी शांत बसावे, हवे असेल तर त्याला प्रयोगातून बाहेर पडू द्यावे आणि छावणीत कोणत्या समुपदेशकाकडे जायचे हे आधीपासून माहीत करून ठेवावे. ते रडणे प्रवेशात घेऊ नये, कितीही परिणामकारक वाटले तरी.