रुग्णालयांचे अंगीकरण : ठाणे व नवी मुंबई

शासकीय आरोग्य विमा योजनेतील लाभार्थ्यांवर विनामूल्य उपचार करून त्यांचे ठरीव दर योजनेकडून मिळवण्यासाठी रुग्णालयाने करावयाची नोंदणी आणि करार यांना अंगीकरण म्हणतात. महाराष्ट्रात महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना आणि २०१८ मध्ये सुरू झालेली आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजना १ एप्रिल २०२० पासून एकत्रितपणे राबवल्या जातात, आणि हे काम राज्य आरोग्य हमी सोसायटीकडे आहे.

नवी मुंबई परिसर दोन जिल्ह्यांत विभागलेला असल्याने येथील इतिहासही दुहेरी आहे. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या मूळ नावाने २ जुलै २०१२ रोजी महात्मा फुले योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली तेव्हा त्यांत रायगड होता, ठाणे नव्हता. त्यामुळे खारघर, कामोठे, पनवेल हा भाग पहिल्याच टप्प्यात आला आणि वाशी, नेरूळ, ऐरोली व ठाणे शहराला नोव्हेंबर २०१३ मधील राज्यव्यापी विस्तारापर्यंत थांबावे लागले.

खासगी रुग्णालय ऑनलाइन अर्ज करते. महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम, १९४९ अन्वये मिळालेले प्रमाणपत्र (महापालिका हद्दीत ते पालिकेचा आरोग्य विभाग देतो), अग्निसुरक्षेचा दाखला, जैववैद्यकीय कचऱ्याविषयीची परवानगी, डॉक्टरांच्या पदव्या व नोंदणी आणि बँक तपशील ही कागदपत्रे त्यासाठी लागतात. प्रधानमंत्री योजनेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार साधारणतः किमान १० खाटा आणि चोवीस तास वैद्यकीय व परिचारिका सेवा आवश्यक असते. जिल्हा समिती प्रत्यक्ष पाहणी करून शिफारस करते, अंतिम निर्णय राज्यस्तरावर होतो आणि त्यानंतर करारावर सह्या होतात. आंतररुग्ण सेवा देणारी शासकीय रुग्णालये या सूचनांनुसार अंगीकृतच मानली जातात.

सर्वांत महत्त्वाची आणि रुग्णांपर्यंत सर्वांत कमी पोहोचणारी बाब ही, की अंगीकरण विशेषज्ञ सेवेनुसार होते. रुग्णालयाला मूत्रपिंडविकारांसाठी मान्यता असेल आणि हृदयशस्त्रक्रियेसाठी नसेल, तर ती शस्त्रक्रिया तेथे योजनेतून करता येत नाही, म्हणून नातेवाइकांनी केवळ ‘येथे योजना आहे का’ एवढेच न विचारता नेमका आजार सांगून आरोग्यमित्राकडे (रुग्णालयात रुग्णांना मदत करणाऱ्या योजनेच्या प्रतिनिधीकडे) चौकशी करणे अत्यंत गरजेचे आहे.

अंगीकृत रुग्णालयाला नियोजित उपचारांपूर्वी ऑनलाइन पूर्वपरवानगी घ्यावी लागते आणि रुग्णाला घरी सोडल्यानंतर कागदपत्रांसह दावा दाखल करावा लागतो. योजनेत समाविष्ट उपचारांसाठी रुग्णाकडून पैसे घेतल्याचे सिद्ध झाल्यास परतफेड, दंड, निलंबन आणि शेवटी अंगीकरण रद्द करणे अशी कारवाई होऊ शकते.