लंगा आणि मांगणियार: गाणे कोणाच्या दारचे?

राजस्थानी लोकसंगीताच्या कार्यक्रमांच्या जाहिरातींत ‘लंगा-मांगणियार’ हा जोडशब्द इतक्या सहजपणे छापला जातो की, वाचणाऱ्याला ही एकाच जमातीची दोन नावे वाटावीत. पुण्या-मुंबईच्या मंचावर पांढरे अंगरखे आणि रंगीत साफे घातलेली आठ-दहा माणसे ओळीने बसतात, त्यांतला एक जण खडताल हे लाकडी पट्ट्यांचे वाद्य वाजवता वाजवता गुडघ्यांवर उठतो, श्रोते टाळ्यांचा ठेका धरतात आणि निवेदक सगळ्यांची मिळून ‘राजस्थानचे लोककलावंत’ एवढीच ओळख करून देतो. या घाईत दोन स्वतंत्र समाजांमधला आणि दोन वेगळ्या वाद्यपरंपरांमधला फरक पुसला जातो. तो समजून घेतला तर समोरचे गाणेही निराळे ऐकू येते.

हा गोंधळ अगदी निराधार आहे, असे मात्र म्हणता येणार नाही. दोन्ही समाज थरच्या वाळवंटातले, म्हणजे प्रामुख्याने पश्चिम राजस्थानातील बाडमेर, जैसलमेर आणि जोधपूर या जिल्ह्यांतले आहेत. दोन्ही धर्माने मुसलमान असून दोघांच्याही नावांत ‘खान’ येते. गाणे हा दोघांचाही पिढीजात व्यवसाय आहे. स्वरलिपीचा आधार न घेता मूल घरातच कानांनी शिकते. मारवाडी, सिंधी आणि सरायकी यांची सरमिसळ दोघांच्याही गाण्यांत आढळते, लग्नगीतांचा आणि सूफी कलामांचा बराच साठा सामाईक आहे. असे असूनही दोन समाजांत सहसा बेटीव्यवहार होत नाही आणि एकाला दुसऱ्याच्या नावाने हाक मारलेली त्यांना रुचत नाही.

खरा फरक आहे यजमानाचा. मराठीत यजमान म्हणजे पूजेला बसणारा गृहस्थ किंवा पाहुण्यांचे आगतस्वागत करणारा घरधनी. मारवाडात ‘जजमान’ या शब्दाला याहून कितीतरी जड अर्थ आहे, कारण तिथे गायक आणि जजमान यांचे नाते पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले असते. लंगांचे जजमान सिंधी सिपाही, म्हणजे शेती आणि पशुपालन करणारे मुसलमान. मांगणियारांचे जजमान बहुतांशी हिंदू असतात. त्यांत भाटी आणि राठोड राजपूत प्रमुख, पण चारण, मेघवाल आणि इतर जातींची घरेही आहेत, शिवाय काही मांगणियार कुटुंबे मुसलमान घरांशीही बांधलेली आहेत. त्यामुळे ‘लंगा मुसलमानांसाठी गातात आणि मांगणियार हिंदूंसाठी’ हे वाक्य ढोबळमानाने बरोबर असले तरी त्याला नियमाचे रूप देणे चुकीचे ठरेल.

लोकसंस्कृतीचे अभ्यासक कोमल कोठारी (1929–2004) यांच्या कामामुळे या संबंधाची बारीक वीण जगापुढे आली. राजस्थानी लेखक विजयदान देथा यांच्यासह त्यांनी 1960 मध्ये बोरुंदा या गावी रूपायन संस्थान या लोकसंस्कृतीच्या अभ्यासाच्या संस्थेची स्थापना केली, पुढील चार दशके गावोगावी फिरून ध्वनिमुद्रणे केली आणि वाळवंटातल्या या गायकांना शहरांच्या व परदेशांच्या मंचांवर नेले. गायकाकडे केवळ गायक म्हणून न पाहता ‘हा कोणाचा गायक’ असे विचारणे हे त्यांच्या पद्धतीचे वैशिष्ट्य होते, आणि लंगा व मांगणियार यांच्या बाबतीत तरी दुसऱ्या कोणत्याही प्रश्नाने उलगडा होत नाही.

जजमानाच्या घरी मूल जन्मले, मुंडन झाले, सगाई झाली, वरात निघाली की त्या घराशी बांधलेला गायक तिथे हजर असायलाच हवा, कारण ते त्याचे कर्तव्यही आहे आणि त्याचा हक्कही. मांगणियार राजपूत जजमानापुढे उभा राहून ‘शुभराज’ म्हणतो, म्हणजे त्या घराण्याची वंशावळ आणि पूर्वजांचे पराक्रम ठराविक लयीत उच्चारतो. ज्या घरांत कागदोपत्री नोंदी नव्हत्या, त्यांच्या सात-आठ पिढ्यांची नावे या मुसलमान गायकांच्या तोंडी जपली गेली. त्याबदल्यात ‘नेग’ मिळतो. पूर्वी तो धान्य, कपडे, शेळ्या, प्रसंगी उंट अशा रूपांत मिळे, आता तो बहुधा रोख असतो. गायकाच्या मुलांमध्ये वाटणी होते तेव्हा जमिनीप्रमाणे जजमानांची घरेही वाटली जातात, ही घरे याची आणि ती घरे त्याची. आपल्याकडच्या वतनदारीची आठवण व्हावी अशीच ही व्यवस्था आहे.

इथे नावांकडेही थोडे पाहायला हवे. ‘मांगणियार’ या शब्दाची फोड मराठी माणसाला सांगावी लागत नाही. ‘मागणारा’ हा त्याचा अर्थ या समाजातल्या अनेकांना टोचतो आणि काही जण स्वतःला ‘मिरासी’ म्हणवून घेणे पसंत करतात. तो शब्द वारसा या अर्थाच्या अरबी ‘मिरास’वरून आला. तोच शब्द मराठीत आला तेव्हा त्यातून ‘मिरासदार’ घडला, म्हणजे जमिनीचा पिढीजात मालक, गावातला मानकरी. उत्तरेत मात्र मिरासी म्हणजे गाणारा-बजावणारा, आणि हे संबोधन पुष्कळदा हिणवण्यासाठीच वापरले गेले. वारसा जमिनीचा असला तर मान मिळतो आणि गळ्याचा असला तर मिळत नाही, हे एका शब्दाच्या दोन प्रवासांवरून जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच कशावरून दिसेल.

ऐकणाऱ्याच्या दृष्टीने सर्वांत उपयोगी खूण वाद्यांची आहे. मांगणियारांचे वाद्य कमायचा आणि लंगांचे वाद्य सिंधी सारंगी. दोन्ही गजाने वाजतात, दोन्हींच्या पोटावर कातडे ताणलेले असते, म्हणून दुरून पाहणारा दोघांनाही ‘सारंगी’ म्हणून मोकळा होतो. कमायच्याचे पोट मात्र मोठे आणि गोल असते. आंब्याच्या लाकडाचा एकच ओंडका कोरून ते करतात आणि त्यावर बकरीचे कातडे चढवतात. मुख्य तारा तीन असतात आणि त्या धातूच्या नसून आतड्याच्या असतात. मराठीत पिंजाऱ्याच्या धनुकलीला जी ‘तात’ लागते तीच ही. त्यांच्या शेजारी पोलादाच्या बारीक तरफा, म्हणजे मुख्य तारांबरोबर आपोआप झंकारणाऱ्या तारा असतात. घोड्याच्या केसांचा लांब गज जाड तातीवरून फिरतो तेव्हा आधी लाकूड आणि कातडे घुमते आणि मग त्या घुमाऱ्यातून स्वर वर येतो. रिकाम्या रांजणात तोंड घालून कोणी आलाप घ्यावा तसा हा नाद असतो. त्यात किंचित खरखर असते आणि ती काढून टाकली तर कमायचा कमायचा राहणार नाही.

सिंधी सारंगीची घडण याच्या उलट. ती शिसमाची, उभट आणि मधोमध कंबर चेपलेली असून शास्त्रीय सारंगीच्या नात्यातली, पण तिच्याहून हलकी असते. तिच्या मुख्य चार तारांपैकी दोन पोलादी आणि दोन तातीच्या असतात, तरफांची संख्या बरीच मोठी असते आणि खुंट्यांची दाटी पाहूनच ते वाद्य ओळखता येते. बोटाचे पेर तारेवर दाबण्याऐवजी नखाच्या मुळाचा भाग तारेला बाजूने टेकवून ती वाजवतात, त्यामुळे स्वरावरून स्वरावर सरकत जाणे सोपे होते. पोलादी तारेचा आवाज चढा आणि लखलखीत, आणि लंगांची गायकीही तशीच वरच्या पट्टीतली, मुरक्यांनी आणि झपाट्याच्या तानांनी नटलेली असते. सारंगी गळ्याच्या इतकी मागोमाग जाते की ताना नेमक्या कुठे गळ्यातून संपून तारेवर सुरू झाल्या, हे सांगणे कठीण व्हावे. लंगांकडे गुजरातण सारंगी नावाचा एक धाकटा, साधा प्रकारही आहे.

खडताल हे मूळचे मांगणियारांचे. शिसमाच्या चार पट्ट्या, प्रत्येक हातात दोन, आणि त्यांना ना झांजा ना घुंगरू. आपल्या कीर्तनकारांच्या चिपळ्यांशी त्यांचे साम्य वरवरचेच आहे, कारण चिपळ्यांचा नाद निम्मा लाकडाचा आणि निम्मा झांजांचा असतो. खडतालीत सगळे काम लाकडावर लाकूड आपटण्याच्या वेगावर चालते आणि दोन पट्ट्यांपैकी एक अंगठ्याच्या बेचक्यात घट्ट धरून दुसरी बोटांनी नाचवायची असते. ढोलकही मांगणियारांच्याच हातातला. लंगांकडे परंपरेने तालवाद्य नव्हते आणि आज त्यांच्या चमूत दिसणारा ढोलक हा मंचाने लावलेला पाहुणा आहे.

लंगांच्या आतही एक विभागणी आहे आणि ती बहुधा कोणी सांगत नाही. सारंगिया लंगा सारंगी वाजवतात आणि गातात. सुरनाइया लंगा सुरनाई, मुरली, सतारा अशी फुंकवाद्ये वाजवतात, पण परंपरेप्रमाणे ते गात नाहीत. सुरनाई म्हणजे आपल्या सनईची वाळवंटातली थोरली बहीण, आणि तिच्यावर श्वास न तोडता स्वर लांबवण्याची जी किमया ते करतात ती गळ्याची उणीव भासू देत नाही.

गाण्यांच्या विषयांतही जजमानाची छाया दिसते. शाह अब्दुल लतीफ, बुल्ले शाह या सूफी कवींचे कलाम दोघेही गातात आणि गाण्याआधी त्या रागात दोहे म्हणण्याची रीतही दोघांची आहे. मांगणियार मात्र नमाज पढून आल्यावर जजमानाच्या घरी कृष्णाची आणि देवीची गाणी तितक्याच आत्मीयतेने गातात आणि होळी-दिवाळीला त्यांच्या अंगणात हजर असतात. शहरातले वृत्तपत्रलेखक याला ‘धार्मिक सलोख्याचे प्रतीक’ म्हणून टाकतात. मला ते शब्द या नात्यासाठी फार गुळगुळीत वाटतात, कारण इथे प्रतीक होण्याची हौस कोणालाच नाही, पोट आहे, हक्क आहे, उपकार आहेत, रुसवे आहेत आणि जातीची उतरंडही आहे. मांगणियार स्त्रिया जजमानाच्या घरातल्या बायकांसोबत गातात आणि बाडमेरच्या रुकमाबाईंनी तर ढोलक घेऊन सार्वजनिक मंच गाठला. लंगांमध्ये स्त्रियांनी लोकांपुढे गाण्याची प्रथा नाही.

1947 मध्ये या जजमानांच्या आणि गायकांच्या मधून सीमारेषा गेली. सिंधमधल्या उमरकोटच्या सोढा राजपुतांचे सोयरसंबंध जैसलमेर-बाडमेरच्या राजपुतांशी होते आणि लग्नांमागून गाणेही इकडून तिकडे जात असे. पलीकडे हेच गायक ‘मंगणहार’ म्हणून ओळखले जातात. सीमेच्या अलीकडचे मुनाबाव आणि पलीकडचे खोखरापार यांच्यामधली रेल्वे 1965 च्या युद्धात बंद पडली, 2006 मध्ये पुन्हा सुरू झाली आणि 2019 पासून पुन्हा बंद आहे.

गावांच्या नावांनीही माणूस फसतो. बरनावा हे बाडमेरमधले लंगांचे नावाजलेले गाव, तर बरना हे जैसलमेरमधले मांगणियारांचे. जैसलमेरजवळचे हमीरा हे कमायच्याचे थोर वादक साकर खान यांचे गाव. त्यांना 2012 मध्ये पद्मश्री मिळाली आणि पुढच्याच वर्षी ते गेले. लंगांच्या नव्या पिढीतले सारंगीवादक व गायक असीन खान लंगा यांना 2022 चा आगा खान संगीत पुरस्कार मिळाला.

वाद्यावरून जात ओळखण्याची ही पद्धत नव्वद टक्के वेळा चालते आणि नेमकी लाखा खान यांच्यापाशी अडते. 2021 मध्ये पद्मश्री मिळालेले लाखा खान मांगणियार आहेत आणि वाजवतात सिंधी सारंगी. त्यांच्या हातातले वाद्य पाहून त्यांना लंगा म्हणणारे पुष्कळ असतात. त्यांचे जजमान कोण, एवढे विचारले की उत्तर मिळते.

मंचावर हा प्रश्न विचारायला जागाच उरत नाही, कारण तिथे जजमान नसतो, तिकीट काढलेला श्रोता असतो. त्याला शुभराज नको असतो, वंशावळ नको असते, त्याला ठेका हवा असतो. जोधपूरच्या मेहरानगड किल्ल्यात 2007 पासून शरद पौर्णिमेच्या सुमारास भरणारा लोकसंगीत महोत्सव असो की जैसलमेरचा माघातला मरु महोत्सव, दोन्ही समाजांचे कलावंत अनेकदा एकाच चमूत बसतात, कालबेलिया समाजाच्या नर्तकींना साथ करतात आणि एकमेकांची वाद्ये उचलतात. त्यात वाईट काही नाही. हळहळ वाटते ती पेटीची. हार्मोनियम सुरात लावावी लागत नाही, हवामानाने सैल पडायला तिला तात नसते आणि तिचा आवाज मागच्या रांगेपर्यंत पोहोचतो, म्हणून मांगणियारांनी ती मोठ्या प्रमाणावर स्वीकारली आणि कमायचा घडवणारे कारागीर कमी होत गेले. आज एखाद्या चमूत कमायचा असलाच तर तो बहुधा मंचाच्या कडेला, सगळ्यांत वयस्कर माणसाच्या मांडीवर असतो आणि मधला मायक्रोफोन पेटीकडे वळवलेला असतो.