जात्यावरच्या ओव्या आणि कपाटातल्या मुलाखती

आकडे जपायची सवय पुण्याला जुनी आहे. १९३० साली स्थापन झालेल्या गोखले इन्स्टिट्यूटने धनंजयराव गाडगीळांच्या काळात शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी केली. तिचे तक्ते छापले गेले, म्हणून आजही हाती लागतात. मुलाखतींच्या वाट्याला हे सहसा येत नाही. प्रबंधात चार-दोन वाक्यं उतरतात, बाकी सगळं कपाटात. घरकाम करणाऱ्या बायकांशी झालेल्या बोलण्याच्या माझ्या अकरा वह्या एका संस्थेने जागा बदलताना रद्दीत घातल्या. दुपारची विश्रांती सोडून त्या बायका बोलल्या होत्या. ते अजून मनाला लागतं.

ब्रिटनमध्ये यावर १९९४ साली एसेक्स विद्यापीठात क्वालिडेटा केंद्र उभं राहिलं, मुलाखतींसारखं साहित्य जपून इतर अभ्यासकांना वापरू देण्यासाठी. जुन्या संशोधकांच्या घरांतली खोकी वाचवणं हे त्याचं पहिलं काम. आक्षेपही आले: माणूस बोलतो तो समोरच्यावर विश्वास टाकून, मग तिसऱ्याने ते का वाचावं? बॉस्टन कॉलेजने उत्तर आयर्लंडमधल्या माजी सशस्त्र कार्यकर्त्यांच्या मुलाखती त्यांच्या हयातीत उघडणार नाही असं सांगून घेतल्या होत्या. २०११ पासून त्या पोलीस तपासासाठी मागवल्या गेल्या, आणि काही द्याव्याही लागल्या.

पुण्यात मात्र एक वेगळं काम झालं. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी १९८०च्या दशकापासून मुळशी-मावळच्या डोंगराळ गावांतून जात्यावरच्या ओव्या टिपायला सुरुवात केली. हजाराहून जास्त गावं आणि लाखापलीकडे ओव्या. ओवीबरोबर गाणारीचं नाव आणि गाव नोंदलं गेलं. बर्नार्ड बेल यांनी ध्वनिमुद्रणं आणि संहिता संगणकावर आणल्या. २०१७ पासून 'पारी'ने, म्हणजे ग्रामीण भारताविषयीच्या ऑनलाइन संग्रहाने, त्या प्रकाशित केल्या, आणि पुन्हा गावांत जाऊन गाणाऱ्या बायकांना गाठलं. जपलेल्या साहित्याचा पुनर्वापर म्हणतात तो हा, असं मला वाटतं.

पण ओवीला नाव लागतं, मुलाखतीत बहुतेकदा ते आडोशाला ठेवावं लागतं. २०२३च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानेही संमती ठरावीक हेतूपुरती धरली आहे, संशोधनाला काही अटींवर सूट देऊन. आता माझ्या संमतीपत्रात दोन वेगळ्या चौकटी असतात: बोलण्याला होकार, आणि ते जपून इतर अभ्यासकांना देण्याला होकार. दुसरी चौकट वाचून दाखवली तेव्हा जनता वसाहतीतल्या एक आजी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "सुनेबद्दल बोलले तेवढं काढ. बाकी दे कोणालाही."