पाषाणचा हिरवा खडा आणि एकटा इलेक्ट्रॉन

पुण्याभोवतीच्या खाणींत काळा कातळ फोडला की त्यातल्या पोकळ्यांमधून स्फटिक निघतात. बहुतेक पांढरे, दुधी, फार तर फिकट गुलाबी. पाषाणच्या खाणींनी मात्र जगभरच्या संग्राहकांना वेड लावलं ते हिरव्या ॲपोफिलाइटने. हा हिरवा रंग व्हॅनॅडियम या धातूमुळे येतो, हे जॉर्ज रॉसमन यांनी १९७४ मध्ये दाखवलं. त्या स्फटिकात व्हॅनॅडियम ऑक्सिजनला चिकटून बसतो आणि त्याच्यापाशी एक इलेक्ट्रॉन बिनजोडीचा उरतो. वाघोलीच्या गर्द निळ्या कॅव्हनसाइटमध्येही हाच प्रकार आहे.

ईपीआर, म्हणजे इलेक्ट्रॉन पॅरामॅग्नेटिक रेझोनन्स, हे तंत्र या बिनजोडीच्या इलेक्ट्रॉनचाच माग काढतं. जोडीतले दोन इलेक्ट्रॉन एकमेकांचं चुंबकत्व खोडून टाकतात, त्यामुळे तिथून उत्तर येत नाही. एकट्याला चुंबकीय क्षेत्रात ठेवलं की त्याच्या ऊर्जेच्या दोन पायऱ्या होतात आणि नेमक्या वारंवारतेची लहर शोषून तो खालच्या पायरीवरून वर जातो.

या दोन पायऱ्या समजायलाच तीस वर्षं गेली. झीमनना चुंबकीय क्षेत्रात वर्णरेषा फाटताना दिसल्या १८९६ मध्ये. श्टेर्न आणि गेरलाख यांनी चांदीच्या अणूंच्या झोताचे दोन भाग केले १९२२ मध्ये, आणि त्यामागे इलेक्ट्रॉनची स्पिन (जणू स्वतःभोवती फिरण्याचा गुण) आहे हे उलेनबेक आणि गाउडस्मिट यांनी १९२५ मध्ये सुचवलं. पदार्थात हे शोषण प्रत्यक्ष पकडायला मात्र १९४४ उजाडलं, आणि तेही ऐन महायुद्धात, सोव्हिएत रशियातल्या कझानमध्ये.

ते पकडणाऱ्या येवगेनी झावोइस्की यांची गोष्ट मला या सगळ्या इतिहासात जास्त भावते. १९४१ मध्ये ते अणुकेंद्राच्या चुंबकत्वाचा संकेत शोधत होते. तो अधूनमधून दिसायचा, पण चुंबक एकसारखं क्षेत्र देत नसल्याने हमखास मिळेना. त्यात युद्ध सुरू झालं आणि प्रयोग मोडला. पुढे ते इलेक्ट्रॉनकडे वळले, कारण त्याचं चुंबकत्व प्रोटॉनच्या साडेसहाशे पटींहून जास्त. तांब्याच्या क्लोराइडने १३३ मेगाहर्ट्‌झला, जेमतेम ४७ गॉसच्या (गॉस हे चुंबकीय क्षेत्राचं एकक) आसपास, उत्तर दिलं. पुढे अणुकेंद्राच्या अनुस्पंदनासाठी (रेझोनन्ससाठी) ब्लॉख आणि पर्सेल यांना १९५२ चं नोबेल मिळालं. झावोइस्कींना ते कधीच मिळालं नाही.

एम.एस्सी.ला हे प्रॅक्टिकल ज्यांनी केलंय त्यांना कझानचा प्रयोग ओळखीचा वाटेल. हेल्महोल्ट्झ कॉइलच्या, म्हणजे चुंबकीय क्षेत्र देणाऱ्या दोन वेटोळ्यांच्या, मधोमध डीपीपीएच या बिनजोडीचा इलेक्ट्रॉन असलेल्या रसायनाच्या जांभळट-काळ्या भुकटीची चिमूटभर नळी. ऑसिलोस्कोपवर चार शिखरं दिसतात आणि फेजचं बटण हलके हलके फिरवून ती दोन-दोन एकमेकांवर आणायची. हात जरा जास्त फिरला की पुन्हा पहिल्यापासून.

तंत्र खरं वयात आलं ते रडारमुळे. युद्धात तीन सेंटिमीटर लहरींची यंत्रणा तयार झाली होती, आणि रडारसाठी क्लायस्ट्रॉन, म्हणजे अशा लहरी निर्माण करणाऱ्या नळ्या, बनवणारे ब्रेबिस ब्लीनी युद्ध संपताच ऑक्सफर्डमध्ये याच लहरी स्फटिकांवर सोडू लागले. अमेरिकेत कमेरो आणि हॅलिडे यांनी १९४६ मध्ये मँगॅनीजच्या क्षारांवर स्वतंत्रपणे हेच पाहिलं. (होय, ज्यांच्या पाठ्यपुस्तकाने आपल्याकडच्या पोरांची झोप उडवली, तेच हॅलिडे.) आजही बहुतेक यंत्रं त्या रडारच्याच पट्ट्यात, साडेनऊ गिगाहर्ट्‌झच्या आसपास चालतात. चुंबक सुमारे ३,४०० गॉसला आला की मुक्त इलेक्ट्रॉन बोलतो. इलेक्ट्रॉनला शेजारी कोण आहे, त्याप्रमाणे हा आकडा सरकतो, आणि सगळी माहिती त्या सरकण्यात असते. नमुन्याची नळी क्वार्ट्‌झचीच हवी. साध्या काचेत लोहाचा अंश असतो आणि तोही आपली रेषा उमटवतो.

आपल्याकडे पदार्थांच्या चुंबकत्वाचा अभ्यास त्याआधीपासून होता. शांतिस्वरूप भटनागर लाहोरमध्ये रासायनिक पदार्थांचं चुंबकत्व मोजत होते. स्वातंत्र्यानंतर राष्ट्रीय प्रयोगशाळांची साखळी त्यांनीच उभी केली. त्यातली राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा नेहरूंच्या हस्ते ३ जानेवारी १९५० ला सुरू झाली, पाषाण रस्त्यावर. म्हणजे हिरव्या खड्याच्या शेजारीच. तिथल्या उत्प्रेरक विभागाने पुढे टायटॅनियमयुक्त सिलिकेटवर हायड्रोजन पेरॉक्साइड टाकलं की टायटॅनियमला चिकटणारे ऑक्सिजनचे मूलक (बिनजोडीचा इलेक्ट्रॉन असलेले कण) ईपीआरनेच न्याहाळले. ते एरवी हाती लागत नाहीत.

आता त्या खड्याकडे परत येऊ. व्हॅनॅडियमच्या अणुकेंद्राची स्पिन सात-द्वितीयांश, म्हणून एकट्या इलेक्ट्रॉनची रेषा आठ रेषांत फुटते. पण त्यासाठी व्हॅनॅडियम विरळ हवा. दाटीवाटी झाली की इलेक्ट्रॉन एकमेकांत लुडबुड करतात आणि आठ रेषांचा एकच जाडा फराटा होतो. कॅव्हनसाइटमध्ये अशी दाटी असते. त्यामुळे बाजारात भाव खाऊन जाणारं वाघोलीचं निळं रत्न या यंत्रापुढे मागे पडतं, आणि रेषा मोजायच्या तर पाषाणचा फिकट हिरवा तुकडाच नळीत घालावा.