स्प्रिंकलरचा दाखला एकदाच घेऊन भागत नाही

कोल्हापुरात ताराबाई पार्क, नागाळा पार्क परिसरातील उंच इमारतींच्या सोसायट्यांमध्ये असा समज रूढ आहे की, भोगवटा प्रमाणपत्राच्या वेळी बिल्डरने अग्निशमन विभागाचा ना-हरकत दाखला मिळवला असला, की स्प्रिंकलर यंत्रणेचे (आगीच्या उष्णतेने छतावरून आपोआप पाणी फवारणाऱ्या यंत्रणेचे) कागदी काम कायमचे संपते. हा समज चुकीचा आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक एजन्सीचे प्रमाणपत्र, म्हणजेच ‘फॉर्म बी’, दरवर्षी जानेवारी आणि जुलै या दोन्ही महिन्यांत सादर करावे लागते; आणि ही जबाबदारी बिल्डरची नव्हे, तर मालकाची किंवा भोगवटादाराची असते.

अर्थात, न तपासता सही झालेल्या कागदाला काहीच किंमत नाही. गळतीमुळे स्प्रिंकलरला पाणी पुरवणारा पंप वारंवार सुरू होतो म्हणून तो ‘ऑटो’वरून काढून ‘मॅन्युअल’वर ठेवला असेल, तर आग लागल्यावर कोणीतरी बटण दाबेपर्यंत तो सुरूच होणार नाही. रंगकामात स्प्रिंकलरच्या काचेच्या बल्बवर रंग बसला असेल, तर तो खरवडून चालत नाही, स्प्रिंकलर बदलावाच लागतो; कारण साधारणतः ६८ अंश सेल्सिअसला फुटून पाण्याला वाट करून देणारा लाल बल्ब रंगाच्या थराखाली उशिरा तापतो.