गप्पांचं बटण आधीच चालू असतं

नऊ वर्षांचं पोर हेडफोन लावून खेळतंय. नेम चुकतो. पलीकडून एक अनोळखी, मोठ्या माणसाचा आवाज येतो, "काढा रे याला कुणीतरी, याच्यामुळे हरतोय आपण." वाक्यात शिवी एकही नाही, त्यामुळे शिव्या गाळणारी कुठलीही चाळणी ते अडवणार नाही. पोर मात्र उरलेला डाव चकार शब्द न काढता संपवतं. घरी सांगतही नाही, कारण सांगितलं तर खेळच बंद होईल ही धास्ती. मुलांना अशा बोलण्यापासून वाचवायची खटपट जुनी आहे, पण ती बराच काळ शिव्यांभोवतीच फिरत राहिली.

१९७८ मध्ये इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी 'मड' हा निव्वळ अक्षरांचा, अनेकांनी मिळून खेळायचा खेळ रचला. तेव्हाचे खेळाडू बहुतेक विद्यार्थी आणि प्रौढ होते. लहान मुलं या जगात आली ती इंटरनेट घरोघर पोचल्यावर.

अमेरिकेत १९९८ मध्ये 'कोपा' हा कायदा झाला आणि २००० पासून लागू झाला. १३ वर्षांखालच्या मुलांची माहिती पालकांच्या परवानगीशिवाय घ्यायची नाही, हा त्याचा गाभा. मुलांशी कोण कसं बोलतं, याकडे त्याचा रोख नव्हता. बऱ्याच कंपन्यांनी सोपी वाट धरली आणि १३ वर्षांखालच्यांना सरळ प्रवेश नाकारला. मग मुलांनी जन्मसाल खोटं टाकलं आणि ती कागदोपत्री मोठी झाली. मोठ्यांसाठीच्या गप्पा त्यांना खुल्या झाल्या त्या अशा. या एका खोट्या आकड्याने पुढच्या कितीतरी उपायांचा पाया पोखरला, असं मला वाटतं.

जे खेळ मुलांसाठीच होते, त्यांनी जास्त डोकं लावलं. डिस्नेच्या 'टूनटाउन'मध्ये (२००३) तयार वाक्यांच्या यादीतून निवडूनच बोलायचं. पुढे टाइप करायची सोय आली, तेव्हा यादीत नसलेल्या शब्दाच्या जागी प्राण्याचा आवाज उमटायचा. म्हणजे रागाने काही लिहावं, तर समोरच्याला 'भू भू' दिसावं! २००५ मध्ये कॅनडात सुरू झालेल्या 'क्लब पेंग्विन'मध्येही फक्त ठरावीक वाक्यं बोलू देणारी सोय होती, शिवाय लक्ष ठेवायला माणसं नेमलेली होती. असा पहारा खर्चिक असतो. 'क्लब पेंग्विन' २०१७ मध्ये बंद झाला.

तोवर मुलं मोठ्यांच्या खेळांत शिरली होती, आणि तिथे अक्षरांच्या जोडीला आवाज होता. २००२ च्या 'एक्सबॉक्स लाइव्ह' या मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन खेळांच्या सेवेपासून माइकवर बोलत खेळणं घरोघर रुळलं. लिहिलेला शब्द पोचण्याआधी तपासता येतो, पण बोललेला शब्द तोंडातून निघाला की थेट कानात. खेळांना वयानुसार दर्जा देणारी अमेरिकेतली 'ईएसआरबी' ही संस्था १९९४ पासून आहे, पण खेळाडूंचं आपसातलं बोलणं तिच्या दर्ज्यात धरलेलं नसतं. पालक वेष्टनावरचं वय बघून निर्धास्त होतात, आणि भीती असते ती सोबत खेळणाऱ्यांची.

खरं वळण आलं डिसेंबर २०२२ मध्ये. अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने 'फोर्टनाइट' हा खेळ बनवणाऱ्या एपिक गेम्स कंपनीवर 'कोपा'च्या भंगाबद्दल २७.५ कोटी डॉलरचा दंड बसवला. आयोगाच्या तक्रारीत एक मुद्दा असा होता, की लिहून आणि बोलून होणाऱ्या गप्पा मुलांसाठीही आधीपासूनच चालू ठेवलेल्या होत्या, आणि त्यातून मुलांना अनोळखी लोकांकडून धमक्या नि छळ सोसावा लागला. हे बदला, असं कंपनीतल्याच लोकांनी सुचवलं होतं. पुढे बंद करायचं बटण आलं, तेही सहज सापडणार नाही असं. आता मुलांच्या आणि किशोरांच्या गप्पा मुळात बंद ठेवायच्या, संमती मिळाली तरच उघडायच्या, असं कंपनीवर बंधन आलं. बटण शोधून दाबायची जबाबदारी तोवर मुलावर होती, ती पहिल्यांदाच इतक्या ठामपणे खेळ बनवणाऱ्यावर गेली.

मुलांमध्ये लोकप्रिय असलेल्या 'रोब्लॉक्स' या खेळांच्या मंचाने नोव्हेंबर २०२४ मध्ये १३ वर्षांखालच्यांना खेळाबाहेर खाजगी निरोप धाडणं बंद केलं. वर्षभराने गप्पांसाठी चेहऱ्यावरून वयाचा अंदाज घ्यायचं जाहीर केलं, म्हणजे मुलांनी वयाने जवळच्यांशीच बोलावं. खोट्या जन्मसालावरचा हा उतारा आहे. पण "काढा रे याला" हे दहा वर्षांचं पोरही म्हणू शकतं, आणि त्या वाक्यासाठी अजून खात्रीची चाळणी नाही.